बदामाचा हुकूम

दिवाळीत पत्ते खेळायला आपल्याकडे कुणाची परवानगी लागत नाही. पंचांगच आपल्या बाजूने असतं. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदाही म्हणतात, आणि त्या दिवशी खुद्द शंकर-पार्वती सोंगट्या मांडून बसले होते असं सांगितलं की घरातल्या कडक आजोबांनाही गप्प बसावं लागतं. गोकुळाष्टमीला तर जागरण हेच निमित्त. डाव पहाटेपर्यंत चालतात. पाचशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात मात्र गरिबाच्या पोराला पत्ते हातात घ्यायचे तर नाताळची वाट पाहावी लागे. १४९५ च्या कायद्याने नोकरांना आणि उमेदवारी करणाऱ्या पोरांना पत्ते वर्षभर बंद केले होते. सूट होती ती नाताळच्या सणापुरती.

त्यामुळे डिसेंबर लागला की घरोघर कॅट बाहेर निघत, आणि त्याच दिवसांत चर्चमध्ये आगमनकाळाची प्रवचनं चालत. सकाळी उपदेश, संध्याकाळी पत्ते. दोन्हीकडे माणसं तीच. १५२९ च्या डिसेंबरात केंब्रिजच्या सेंट एडवर्ड चर्चमध्ये ह्यू लॅटिमर नावाचा धर्मोपदेशक व्यासपीठावर चढला आणि त्याने सकाळ-संध्याकाळ एक करून टाकली. नाताळात तुम्ही पत्ते खेळताच, तर आज मी तुम्हाला ख्रिस्ताचे पत्ते वाटतो, अशी त्याने सुरुवात केली. खेळाचं नावही सांगितलं. लोक ज्याला ‘ट्रायम्फ’ म्हणत, तोच. आपल्या मेंढीकोटासारखा, हुकमाचा खेळ. फरक एवढाच की या डावात वाटणारा जिंकेल, खेळणारा जिंकेल आणि मागे उभा राहून दुसऱ्याचे पत्ते बघणाराही जिंकेल.

लॅटिमर लेस्टरशरमधल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. विद्यापीठात शिकला होता, पण बोलणं गावाकडचं राहिलं होतं. त्या दिवशी त्याने निवडलेलं वचन योहानाच्या शुभवर्तमानातलं होतं. यरुशलेमहून आलेले याजक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात की तू कोण आहेस. लॅटिमरने तोच प्रश्न पत्त्यासारखा एकेकाच्या हातात दिला. मग एकेक पान उघडत गेला. पहिलं पान मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं: खून करू नका एवढंच पुरेसं नाही, भावावर नुसता रागावणाराही दोषी आहे. दुसरं पान त्याच अध्यायातलं: वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये.

आणि हुकूम? हुकूम बदामाचा. इंग्रजी कॅटात ते लाल चिन्ह हृदयाचं असतं. आपलं हृदय देवाला वाहिलेलं असेल तर तोच तुमचा हुकूम, असं लॅटिमरचं म्हणणं. हुकमाने बाकी सगळे रंग ओढून घरी आणले पाहिजेत. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही. किलवरचा एक्का कितीही तोऱ्यात पडू दे, समोरच्याकडे किलवर नसेल आणि त्याने हुकमाची दुर्री टाकली, तर हात दुर्रीचा. मोठेपणाचा सगळा हिशेब तिथे उलटतो.

लॅटिमरला हा उलटा हिशेबच हवा होता, आणि हे प्रवचन नुसतं गमतीचं नव्हतं ते यामुळेच. त्या काळात मूर्तींना सोन्याचा मुलामा देणं, मेणबत्त्या लावणं, यात्रा करणं ही धर्माची बडी पानं होती. लॅटिमरने सांगितलं की ही कामं ऐच्छिक आहेत. गरिबाला खायला घालणं, दुखल्याखुपल्याला धावून जाणं ही देवाने सांगितलेली कामं आहेत. आधी ती करा. म्हणजे सोन्याने मढवलेला राजा एका बाजूला आणि शेजाऱ्याला दिलेली भाकरी दुसऱ्या बाजूला, आणि हात भाकरीचा. केंब्रिजमधल्या बऱ्याच जणांना हा डाव झोंबला.

झोंबलेल्यांत डोमिनिकन मठाचा प्रमुख रॉबर्ट बकनम होता. त्याने उत्तर द्यायचं ठरवलं, आणि तेही खेळातूनच. लॅटिमरने पत्ते काढले, तर याने नाताळचे फासे काढले. पंजा आणि चौका असं दान टाकायचं: पंजा म्हणजे नव्या करारातली पाच ठिकाणं, चौका म्हणजे चर्चचे चार थोर आचार्य. या नऊ आधारांवर त्याला सिद्ध करायचं होतं की बायबल इंग्रजीत लोकांच्या हाती देणं धोक्याचं आहे. त्याची उदाहरणं आजही वाचायला मजा येते. नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्याला लायक नाही, असं वचन शेतकऱ्याने ऐकलं तर तो नांगरच सोडून देईल. थोडं खमीर सगळा गोळा फुगवतं, हे ऐकून भटारी पावात खमीर घालायचं बंद करील. डोळा पाप करवीत असेल तर उपटून टाक, हे कुणी साध्या माणसाने मनावर घेतलं तर देशभर आंधळे भिकारी फिरतील.

लॅटिमरने पुढच्या प्रवचनात याचा समाचार घेतला, तेव्हा बकनम समोरच बसला होता, असं जॉन फॉक्स हा चरित्रकार सांगतो. लॅटिमर म्हणाला, चित्रकार कधी कधी संन्याशाची टोपी घातलेला कोल्हा उपदेश करताना रंगवतात. ते बघून कोल्हा खरोखरच प्रवचन करतो असं मानण्याइतका वेडा कुणी नसतो, टोपीखालची लबाडी सगळ्यांना कळते. प्रतिमा म्हणजे काय हे शेतकऱ्यालाही समजतं, भटाऱ्यालाही समजतं. एवढं बोलून त्याने बकनमकडे पाहिलं म्हणतात. भांडण इतकं वाढलं की दोन्ही बाजूंना गप्प करण्यासाठी वरून दडपण यावं लागलं.

या भांडणात लॅटिमरच का सरस ठरतो? तो सुधारणावादी होता आणि पुढचा काळ त्याच्या बाजूने गेला, हे एक कारण झालं. माझ्या मते दुसरं कारण खेळातच आहे. बकनमच्या फाशांत पाच आणि चार हे आकडे आहेत, खेळ नाही. पंजा-चौका पडण्यात नशीब असतं, धडधड असते, हरणं असतं. त्यातलं काहीही त्याच्या प्रवचनात येत नाही. पाच आणि चारच्या जागी त्याने पाच बोरं आणि चार चिंचा आणल्या असत्या तरी काम भागलं असतं. लॅटिमरच्या पत्त्यांतून हुकूम काढून घेतला तर प्रवचन कोसळतं. खेळाचा नियम आणि धर्माचा नियम तिथे एकमेकांत गुंतलेले आहेत. एखाद्या विरंगुळ्यातून श्रद्धेचा धडा काढणाऱ्या प्रत्येकाला मी आता हा एकच निकष लावतो: आकडे जुळवलेत, की डाव खेळलात?

*

चर्चचा खेळांवरचा राग जुना आणि सकारण होता. ख्रिस्ताला क्रुसावर खिळल्यावर खाली रोमन सैनिकांनी त्याच्या कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या, हे चारही शुभवर्तमानांत आहे. युरोपातल्या चित्रकारांनी ते सैनिक सर्रास फासे खेळताना रंगवले. फासा म्हणजे क्रुसाखालचा जुगार. पुढे चौदाव्या शतकात पत्ते आले आणि त्यांनाही त्याच रांगेत उभं करण्यात आलं. १४२३ साली इटलीतल्या बोलोन्या शहरात संत बर्नार्डिनो यांच्या प्रवचनानंतर लोकांनी घरातले पत्ते आणून जाळले. तिथे पत्ते रंगवणारा एक कारागीर रडत आला, की आता माझं पोट कसं भरायचं. तेव्हा बर्नार्डिनोंनी त्याला किरणांच्या वर्तुळात येशूच्या नावाची अक्षरं काढून दाखवली आणि हे रंगव म्हणून सांगितलं. पुढे त्याचा धंदा बरा चालला, अशी गोष्ट आहे. १४९७ साली फ्लॉरेन्समध्ये साव्होनारोलाच्या होळीत पत्ते आणि सोंगट्यांचे पट पुन्हा जळले. दरवेळी होळीनंतर नवे पत्ते बाजारात आलेच.

पण जाळणाऱ्यांच्या बरोबरीने खेळणाऱ्यांचीही एक परंपरा चर्चमध्ये होती. ती थेट संत पौलापर्यंत मागे जाते. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत. करिंथकरांना पाठवलेल्या पहिल्या पत्रात पौल धावण्याच्या शर्यतीचा आणि मुष्टियुद्धाचा दाखला देतात: ते धावतात नाशवंत मुकुटासाठी. तो मुकुट होता पाइनच्या डहाळ्यांचा, त्याआधीच्या काळात अजमोद्याच्या जातीच्या पाल्याचा. चार दिवसांत वाळणारा. ज्यांनी तो मुकुट डोळ्यांनी पाहिला होता त्यांनाच पौल लिहीत होते, म्हणून ‘नाशवंत’ या एका विशेषणात सगळं आलं.

दहाव्या शतकात काँब्रेचा बिशप विबोल्ड याने तर पाद्र्यांसाठी फाशांचा खेळच तयार केला. तीन फाशांवर, क्रम न धरता, पडू शकणारी दानं मोजली तर ती छप्पन्न भरतात. विबोल्डने प्रत्येक दानाला एकेक सद्गुण नेमून दिला. तीन एक्के पडले तर प्रेम. पाद्री फासे खेळतातच, तर निदान सद्गुण तरी जिंकू देत, असा व्यवहारी विचार. गणिताच्या इतिहासकारांना या यादीत रस आहे तो ती छप्पन्नची मोजणी बरोबर आहे म्हणून. पाद्र्यांना ती कितपत रुचली असेल याची मला शंका आहे. जिथे हरण्यासारखं काही नाही, त्या खेळाला रात्री कोण बसणार?

बुद्धिबळाचं नशीब यापेक्षा बरं. हा खेळ आपल्याकडून इराण-अरबस्तानमार्गे युरोपात गेला, आणि १३०० च्या आगेमागे याकोबुस दे केसोलिस नावाच्या इटालियन डोमिनिकन संन्याशाने त्यावर प्रवचनं दिली. त्यांचं पुस्तक इतकं खपलं की विल्यम कॅक्स्टनने १४७४ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं. इंग्रजीत छापलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांतलं ते एक. केसोलिसची कल्पना सुंदर होती. त्याने आठ प्याद्यांना आठ चेहरे दिले. एक शेतकरी, एक लोहार, एक कापडाचा आणि लेखणीचा कारागीर, एक सावकार-व्यापारी, एक वैद्य, एक खानावळवाला, एक शहराचा पहारेकरी, आणि शेवटी एक उधळ्या जुगारी. राजाच्या पटावर जुगाऱ्यालाही घर आहे. शेतकऱ्यावाचून राजा उपाशी मरेल आणि पहारेकऱ्यावाचून झोपेत, हे त्याने पटावरच्या जागांवरून समजावलं. पुढे सरकत सरकत प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं तर त्याला राणीचा मान मिळतो, हेही सांगायला तो विसरला नाही.

याच खेळाची दुसरी शिकवण मध्ययुगात घरोघर माहीत होती. डाव संपला की राजा आणि प्यादं एकाच पिशवीत जातात. सर्व्हान्तेसच्या ‘डॉन किहोटे’च्या दुसऱ्या भागात सांचो पान्सा ती ऐकवतो. त्याच्या धन्याने नाटकातल्या राजांचा दाखला दिला की तो म्हणतो, उपमा झकास आहे, नवी मात्र नाही, आणि लगेच बुद्धिबळाच्या पिशवीची तितकीच जुनी उपमा पुढे करतो. १६१५ मध्येच ही गोष्ट शिळी झाली होती. आजही ती प्रवचनांत येते, तेव्हा मला सांचो आठवतो.

*

बुद्धिबळातून निघालेला सगळ्यात धीट धडा मात्र एका स्त्रीचा आहे, आणि तो तिनेच नंतर काढून टाकला.

आविलाच्या संत तेरेसा (१५१५–१५८२) यांनी १५६२ मध्ये आविला गावात कडक नियमांचा छोटा मठ सुरू केला. तिथल्या संन्यासिनींसाठी त्यांनी प्रार्थनेवर एक पुस्तक लिहिलं, ‘परिपूर्णतेचा मार्ग’. ध्यानाकडे वळण्यापूर्वी आधी सद्गुणांची तयारी हवी, हे सांगताना त्या एकदम बुद्धिबळावर येतात. सोंगट्या मांडता येत नाहीत त्याला खेळता येणार नाही. शह देता येत नाही त्याला मात करता येणार नाही. मग त्यांच्या लक्षात येतं की आपण काय बोलून गेलो. तुम्ही मला रागवाल, अशा अर्थाचं त्या लिहितात. या घरात जो खेळ नाही आणि असूही नये त्याविषयी मी बोलते आहे. बघा, देवाने तुम्हाला कशी आई दिली, जिला हा फुकटचा उद्योगही येत होता! त्यांच्या लिखाणात असा खट्याळपणा जागोजाग सापडतो.

पण थांबत मात्र नाहीत. राजाला सगळ्यात जेरीस आणते ती राणी, बाकीच्या सोंगट्या मदतीला असतात. आणि देवाला शरण आणणारी राणी कोण, तर नम्रता. नम्रतेनेच त्याला स्वर्गातून मरियेच्या उदरात उतरवलं, नम्रतेनेच आपणही त्याला आपल्या आत्म्यात ओढून आणू. म्हणजे या पटावर विरुद्ध बाजूचा राजा हा खुद्द देव आहे. भक्ताने त्याच्यावर मात करायची आहे, आणि राजाला मात व्हायलाच हवी आहे. विठ्ठलाला विटेवर उभं करून ठेवणाऱ्या पुंडलिकाची गोष्ट ज्यांच्या कानावर लहानपणापासून आहे, त्यांना यात धक्का बसणार नाही. सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये धर्मन्यायालय बारीक नजर ठेवून होतं. तिथे एका बाईने देवाला शह देण्याची भाषा करणं सोपं नव्हतं.

आता पटाकडे नीट पाहा. आपल्याकडे जिथे वजीर बसतो तिथे युरोपात राणी बसते. जुन्या बुद्धिबळात ही सोंगटी अगदी दुबळी होती; तिरपं एक घर, बस्स. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये नियम बदलले आणि राणी एकदम पटावरची सगळ्यात जबरदस्त सोंगटी झाली: उभी, आडवी, तिरपी, हवी तितकी घरं. तेरेसांचा जन्म त्यानंतर काही दशकांनी झाला. त्या शिकल्या तो नवा खेळ. शंभर वर्षं आधीच्या कुणा संताला हा दृष्टान्त सुचणंच शक्य नव्हतं, कारण तेव्हा राणीच्या हातात ती ताकद नव्हती. पटावर सगळ्यात बलवान ती, आणि तिचं नाव नम्रता. खेळ आतून माहीत असलेल्या माणसालाच हे दिसतं.

पुस्तकाच्या दुसऱ्या हस्तलिखितात तेरेसांनी हा भाग गाळला. संन्यासिनींच्या पुस्तकात खेळाची उपमा शोभत नाही, असं त्यांना किंवा त्यांच्या वरिष्ठांना वाटलं असावं. पहिलं हस्तलिखित एस्कोरियालच्या राजवाड्यातल्या ग्रंथालयात टिकलं, म्हणून आज तो भाग आपल्याला वाचता येतो.

*

या परंपरेतलं सगळ्यात लोकप्रिय अपत्य मात्र माझ्या निकषावर नापास होतं. ते म्हणजे चर्चमध्ये पत्ते घेऊन बसलेल्या शिपायाची गोष्ट.

इंग्लंडातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोच्या वहीत १७६२ सालीच ही गोष्ट लिहिलेली सापडते. पुढे ती एकेका कागदावर छापून जत्रांत विकली जाऊ लागली. तिचा नायक रिचर्ड मिडलटन नावाचा शिपाई, स्थळ ग्लासगोचं चर्च. सगळे बायबल उघडतात, हा कॅट उघडून बसतो. त्याला पकडून नगरप्रमुखापुढे नेतात, आणि तिथे तो सांगतो की पत्ते हेच माझं बायबल. एक्का पाहिला की एकच देव आठवतो. तिर्री पाहिली की त्रैक्य. चौकी म्हणजे मत्तय, मार्क, लूक, योहान. पंजी म्हणजे दिवे तयार ठेवणाऱ्या पाच शहाण्या कुमारी. छक्की म्हणजे सृष्टीचे सहा दिवस, सत्ती म्हणजे विश्रांतीचा सातवा. अठ्ठी म्हणजे जलप्रलयातून वाचलेली नोहाची आठ माणसं. नव्वी म्हणजे बरे होऊनही आभार मानायला परत न आलेले नऊ कुष्ठरोगी. दश्शी म्हणजे दहा आज्ञा. १९४८ मध्ये अमेरिकन गायक टी. टेक्सस टायलर याने ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धात नेऊन तिचं गाणं केलं, १९५९ मध्ये विंक मार्टिंडेलने ते पुन्हा गाजवलं.

शिपायाचा आणखी एक दावा आहे: कॅटातले ठिपके मोजले तर वर्षाचे ३६५ दिवस भरतात. हे मी करून पाहिलं. जेवणाच्या टेबलावर चारही रंग ओळीने मांडले. एक्क्यापासून दश्शीपर्यंत एका रंगात पंचावन्न ठिपके, चार रंगांचे २२०. पुढे ठिपकेच नाहीत, माणसांची चित्रं आहेत. गुलामाचे अकरा, राणीचे बारा, राजाचे तेरा धरले तर आणखी १४४ मिळतात आणि बेरीज ३६४ वर येते. एक कमी. तो एक जोकरकडून उसना घ्यायचा. चार रंग म्हणजे महिन्याचे चार आठवडे, हाही असाच हिशेब. फेब्रुवारी सोडला तर कुठलाच महिना त्यात मावत नाही.

पण खरी अडचण बेरजेची नाही. शिपाई एकही डाव खेळत नाही. पान वाटलं जात नाही, उतारी होत नाही, हुकूम पडत नाही, कुणी हरत नाही. पत्त्यांऐवजी त्याच्या हातात चिंचोके असते तरी एक ते दहा आकडे तेच राहिले असते. बकनमच्या फाशांचाच हा धाकटा भाऊ.

त्या सगळ्या गोष्टीत जिवंत पान एकच आहे, गुलाम. जुन्या छापील कागदात नगरप्रमुख शेवटी विचारतो, बाकी सगळे पत्ते सांगितलेस, गुलामाचं काय? इंग्रजीत या पानाला जे म्हणत, त्याचा अर्थ लबाड असाही होतो. शिपाई म्हणतो, रागावणार नसाल तर सांगतो. मला ठाऊक असलेला सगळ्यात मोठा लबाड म्हणजे मला इथे धरून आणणारा हा शिपुर्डा. तो सगळ्यात मोठा लबाड आहे की नाही ठाऊक नाही, नगरप्रमुख म्हणतो, पण सगळ्यात मोठा मूर्ख नक्की आहे. जत्रेतल्या लोकांनी पैसे मोजले असतील ते या पानासाठी. १९४८ च्या गाण्यात गुलामाचा सैतान झाला आणि विनोद मेला. श्रद्धेच्या गोष्टीतून विनोद काढला की ती जास्त पवित्र होते, हा समज कुठून येतो कोण जाणे.

अमेरिकेने या बाबतीत आणखीही सोवळे प्रयोग केले. १८४३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी ‘द मॅन्शन ऑफ हॅपिनेस’ हा पटाचा खेळ निघाला. सद्गुणाच्या घरावर आलात तर पुढे, दुर्गुणाच्या घरावर आलात तर मागे. शब्बाथ मोडणाऱ्याला फटक्यांच्या खांबापाशी पाठवत. फासा पापी, म्हणून त्याऐवजी आकडे लिहिलेली भिंगरी फिरवायची. १९०६ मध्ये पार्कर ब्रदर्सने ‘रूक’ नावाचे पत्ते काढले: राजा नाही, राणी नाही, गुलाम नाही, नुसते चार रंग आणि आकडे. ज्या कडक ख्रिस्ती घरांत पत्ते निषिद्ध होते तिथे हे खुशाल खेळले गेले. हात करायचे, हुकूम बोलायचा, सगळं तसंच. चित्रं पुसली की पाप पुसलं!

सेलमचा तो पट मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. सापशिडीचं जुनं रूप असलेला मोक्षपट आपल्याकडे होताच, आणि परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. शिडी पुण्याची, साप पापाचा, वर मोक्ष. दिसायला दोन्ही पट सारखे, पण एक फरक मोठा आहे. मोक्षपटावर कवडीचं दान म्हणजे पूर्वकर्माचं फळ. ते आपल्या हातात नाही, हे तत्त्वज्ञान खेळात चपखल बसतं. सेलमच्या पटावर मात्र भिंगरी ठरवते की मूल शब्बाथ मोडणार की दानधर्म करणार. ज्या धर्मात पापाला माणसाची इच्छा जबाबदार, तिथे हे बसत नाही. खेळाला स्वतःचं तत्त्वज्ञान असतं आणि ते उपदेशकाचं ऐकत नाही. लॅटिमरला हे कळलं होतं म्हणून त्याने पत्ते निवडले. पत्त्यांत वाटून आलेली पानं आपली नसतात, देणाऱ्याची असतात. ती कशी खेळायची हे मात्र आपल्यावर असतं. कृपा आणि कर्तव्य दोन्हींना एकाच डावात जागा आहे.

सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर आजही गंजिफा रंगवतात. दशावतारी गंजिफेचे पत्ते गोल असतात, लाखेची चकाकी असलेले, एकूण १२०. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. खेळ दिवसा मांडला तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी, रात्री मांडला तर कृष्णाच्या राजाची. पाच रंगांत आकड्यांचा क्रमही उलटा होतो, दश्शी तळाला आणि एक्का वर. देव इथे नुसता चित्रात नाही, नियमात आहे. लॅटिमरने हा डाव पाहिला असता तर त्याचा हात लगेच पुढे झाला असता.

आणि मराठीत तर ही वाट किती रुळलेली! एकनाथांच्या भारुडांत फुगडी आहे, तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, हमामा, टिपरी, हुतुतू आहेत. पोरांचे खेळ घेऊन परमार्थ सांगायचा, आणि खेळ खेळून दाखवायचा. ही परंपरा मराठी ख्रिस्ती समाजाला परकी नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांपाशी आलो असं म्हटलं होतं. अहमदनगर भागात कृ. र. सांगळे यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. कीर्तनकार ख्रिस्ताची कथा अभंगात गाऊ शकतो, तर मेंढीकोटाच्या हुकमातून ती का सांगू शकणार नाही? पुष्कळांनी सांगितलीही असेल. वसईच्या एखाद्या चर्चमध्ये, नगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या कीर्तनात कॅरमची राणी, पतंगाचा मांजा, हाऊजीचं तिकीट उपदेशात येऊन गेलं असेल, लोक हसले असतील आणि घरी जाऊन विसरले असतील.

लॅटिमरची पत्त्यांची प्रवचनं आज आहेत ती फॉक्सने ती आपल्या ग्रंथात छापली म्हणून. लॅटिमर पुढे वुस्टरचा बिशप झाला. १६ ऑक्टोबर १५५५ रोजी ऑक्सफर्डमध्ये त्याला जिवंत जाळलं. त्याच्या आधी, १५३९ मध्ये, राजाच्या हुकमाने इंग्रजी बायबल चर्चाचर्चांत ठेवलं गेलं होतं. बकनमला भीती होती तसा एकही शेतकरी नांगर सोडून गेला नाही. पण अशी प्रवचनं टिकतात ती कुणी लिहून ठेवली तरच, तेव्हा वाचकांना एक विनंती. आपल्या भागातल्या कुणा फादरने, पाळकाने किंवा कीर्तनकाराने एखाद्या खेळातून असा धडा सांगितलेला आठवत असेल, तर तो त्यांच्याच शब्दांत, गाव आणि साल घालून लिहून काढावा आणि ‘सुवार्ता’सारख्या एखाद्या मराठी ख्रिस्ती मासिकाकडे पाठवावा. ऐकलेली माणसं आहेत तोवर हे काम व्हायला हवं.